आईच्या चालण्याच्या टप्प्यातला दवाखाना

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या कोरडवाहू पट्ट्यात आमचे गाव आहे आणि गावातल्या जुन्या उपकेंद्राच्या भिंतीवर आता ‘आयुष्मान आरोग्य मंदिर’ अशी पाटी आहे. माझी आई ७८ वर्षांची आहे. तिला रक्तदाब आणि मधुमेह दोन्ही आहेत, गुडघे दुखतात, एका कानाने कमी ऐकू येते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. वडील गेल्यानंतर ती पुण्याला यायला काही केल्या तयार होईना, म्हणून गेल्या वर्षी घरून काम करण्याची सवलत घेऊन मीच आठ महिने गावी राहिलो. त्या काळात आईला घेऊन उपकेंद्रात, प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात ज्या फेऱ्या मारल्या, त्यांच्या आधारावर हे परीक्षण लिहीत आहे. गावाचे आणि केंद्रांचे नाव मुद्दाम देत नाही, कारण पुढे ज्या त्रुटी येणार आहेत त्या तिथे राबणाऱ्या दोन-चार माणसांच्या माथी माराव्यात असे मला वाटत नाही.

निकाल आधीच सांगून टाकतो. आई स्वतःच्या पायांनी जिथवर जाऊ शकते, तिथवरची सेवा माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळ चांगली निघाली. जिथून एसटी धरावी लागते, तिथून पुढे ती विस्कटत गेली.

उपकेंद्र आमच्या घरापासून साधारण चारशे पावलांवर, ग्रामपंचायतीच्या मागे आहे. सपाटीवरच्या भागात ५,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र असा सरकारी दंडक आहे, त्यामुळे आमच्या गावाबरोबर आजूबाजूच्या तीन वाड्याही याच केंद्राला जोडलेल्या आहेत. पूर्वी येथे आरोग्यसेविका बाळंतपणाचे आणि लसीकरणाचे काम पाहत असे आणि म्हाताऱ्या माणसाने तिथे जाण्याचे काही कारणच नसे. २०१८ पासून उपकेंद्रांचे रूपांतर सुरू झाले, त्यांच्यावर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले गेले आणि जी बारा प्रकारची सेवा त्यांनी द्यायची असे ठरले, तीत वृद्धांची काळजी हा एक स्वतंत्र प्रकार आहे. आमच्याकडच्या अधिकारी मॅडम आयुर्वेदाच्या पदवीधर आहेत. त्यांच्या जोडीला एक आरोग्यसेविका, एक आरोग्यसेवक आणि गावातल्या आशाताई आहेत. केसपेपरपासून गोळ्यांपर्यंत कशालाही पैसे लागत नाहीत. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्वच दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत झाले आहेत.

पहिल्या दिवशी माझे लक्ष वेधले ते रक्तदाब मोजण्याच्या पद्धतीने. शहरातल्या अनेक दवाखान्यांत रुग्ण खुर्चीत टेकतो न टेकतो तोच पट्टा गुंडाळलेला मी पाहिला आहे. येथे मॅडमनी आईला आधी पाच मिनिटे स्वस्थ बसवले, पाठ टेकायला लावली, हात टेबलावर छातीच्या उंचीला ठेवला आणि गप्पा बंद करायला सांगितले, जे आईसाठी सगळ्यात अवघड होते. खेड्यातल्या म्हाताऱ्या बायकांच्या चोळीची बाही दंडाला घट्ट असते, ती वर सरकवली तर दंड आवळला जातो आणि आकडा चुकतो. म्हणून सेविकेने पडदा ओढून बाही उतरवून घेतली. आकडा आला १६२/९४. पुन्हा मोजला, तो १५८/९२ आला, आणि दोन्ही आकडे आईच्या कार्डावर लिहिले गेले. उच्च रक्तदाबाच्या नियंत्रणाचा जो देशव्यापी उपक्रम २०१७ च्या अखेरीस सुरू झाला, त्याच्या पहिल्या फळीत महाराष्ट्रातले जे चार जिल्हे होते त्यांत भंडारा, वर्धा आणि सिंधुदुर्गाबरोबर सातारा होता. ठरलेला औषधक्रम, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या आणि प्रत्येक रुग्णाचे कार्ड ही त्या उपक्रमाची पद्धत आहे, आणि ती आमच्या गावापर्यंत खरोखर पोचलेली दिसली.

गोळ्या मिळणे ही मात्र अर्धीच गोष्ट असते. आईला वाचता येत नाही. तिची रक्तदाबाची गोळी पांढरी, साखरेची गोळीही पांढरी, आणि सरकारी पुरवठ्यात दर दोन-तीन महिन्यांनी कंपनी बदलली की पाकिटाचा रंग बदलतो. हिरव्या पाकिटातली गोळी निळ्या पाकिटात आली तेव्हा आईने ती ‘दुसऱ्या कुणाची तरी’ समजून आठवडाभर घेतलीच नाही. हे कळल्यावर आरोग्यसेविकेने काढलेला तोडगा मी येथे आवर्जून नोंदवतो. तिने घरी येऊन आईचा मिसळणाचा जुना डबा मागून घेतला, त्यातल्या सात वाट्या धुऊन-पुसून सात वारांना दिल्या, पाकिटे कात्रीने कापून एकेक गोळी तिच्या वेष्टणासकट वाट्यांत ठेवली आणि सकाळच्या गोळीवर पेनाने सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्रकोर काढली. सोमवारची वाटी कुठली हे आई कसे लक्षात ठेवते ते मला अजून उमगलेले नाही. पण त्यानंतर एकही गोळी चुकली नाही. शहरात असले डबे प्लॅस्टिकचे आणि विकत मिळतात, हे तिला सांगावेसे मला वाटले नाही.

दुसरी गोष्ट उपवासांची. प्राथमिक आरोग्य केंद्रातून आईला साखरेसाठी दोन गोळ्या लिहून आल्या होत्या, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड. पहिली एकटी असेल तर साखर धोक्याइतकी खाली जाण्याची भीती फारशी नसते. दुसरी मात्र पोटात अन्न असो वा नसो, आपले काम करत राहते. आई महिन्याच्या दोन्ही एकादशा आणि संकष्टी धरते, आणि संकष्टीला चंद्रोदयापर्यंत चहाशिवाय काही घेत नाही. ज्या डॉक्टरांनी गोळ्या लिहिल्या त्यांनी हे विचारले नव्हते. मॅडमनी गोळ्या हातात देण्याआधी विचारले, “आजी, उपास कोणते कोणते धरता?” आईने यादी सांगायला सुरुवात केली तेव्हा त्यांनी शांतपणे कॅलेंडर पुढे ओढले आणि त्या त्या तारखांवर खुणा करून घेतल्या. मग ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी बोलून, उपवासाच्या दिवशी दुसरी गोळी घ्यायची नाही असे ठरवले. घाम सुटणे, हातपाय कापणे, डोळ्यांपुढे अंधारी येणे असे झाले तर उपवास बाजूला ठेवून लगेच साखर खायची, हेही त्यांनी आईकडून वदवून घेतले. आईने देवाला विचारून सांगते म्हटले, पण ऐकले.

ई-संजीवनी ही संगणकाच्या पडद्यावरून डॉक्टरांचा सल्ला मिळवून देणारी सरकारी सोय आहे. तिच्याबद्दल माझे मत संमिश्र आहे. पडद्यावर डॉक्टर दिसताच आईने डोक्यावरचा पदर सावरला आणि पुढची दहा मिनिटे ती त्यांच्याशी न बोलता मॅडमशीच बोलत राहिली. डॉक्टरांचा आवाज तिला ऐकू येत नव्हता, डॉक्टरांना तिची बोली कळत नव्हती, आणि मध्ये दोनदा रेंज गेली. मॅडम मध्यस्थ नसत्या तर या सगळ्याला काही अर्थ नव्हता. त्या असल्यामुळे मात्र त्याचा एकदा मोठाच उपयोग झाला. ऑगस्टमध्ये रक्तदाबाची गोळी वाढवल्यावर आई पहाटे अंथरुणातून उठताना भेलकांडली आणि उंबऱ्यावर आपटता आपटता वाचली. दुसऱ्या दिवशी तिचा रक्तदाब बसून मोजला तर १३४, म्हणजे सगळे झकास. मी तोल गेल्याचे सांगितल्यावर मॅडमनी तिला उभे करून पुन्हा मोजला, तो १०८ भरला. बसल्या जागेवरून उभे राहिल्यावर तीन मिनिटांच्या आत वरचा आकडा २० किंवा त्याहून जास्त उतरला तर ते म्हाताऱ्या माणसाच्या पडण्याचे मोठे कारण असते. त्याच दुपारी पडद्यावरच्या डॉक्टरांनी गोळी कमी केली. माझी तक्रार एवढीच आहे की उभे करून मोजणे हा ठरलेला रिवाज असायला हवा होता; आम्ही सांगितले नसते तर कार्डावर १३४ हा देखणा आकडा लागला असता आणि आई कधीतरी न्हाणीत पडली असती.

तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचा एक तपासणी-फॉर्म आशाताई घरोघर जाऊन भरतात. त्यात साठीच्या पुढच्यांसाठी वेगळे प्रश्न आहेत: उभे राहताना किंवा चालताना तोल जातो का, रोजची कामे करायला दुसऱ्याची मदत लागते का, जवळच्या माणसांची नावे किंवा घरचा पत्ता विसरायला होते का. प्रश्न नेमके आहेत. अडचण उत्तरांची आहे. घरात सून समोर बसलेली असताना कोणती सासू मदत लागते म्हणून सांगेल? मन उदास असते का, असे विचारल्यावर आई म्हणाली, “मला काय धाड भरलीय?” आणि फॉर्मवर ‘नाही’ची खूण झाली. वडील जाऊन तेव्हा सात महिने झाले होते आणि ती रात्री दोनला उठून अंगण झाडत असे. त्याच आशाताई पुढच्या आठवड्यात हरिपाठानंतर देवळाच्या पायरीवर आईशेजारी बसल्या, फॉर्म पिशवीतून न काढता बोलत राहिल्या, आणि झोप लागत नसल्याचे तेव्हा आईच्या तोंडून बाहेर आले. या भेटीची नोंद कुठल्याच रकान्यात होत नाही आणि तिचा मोबदलाही मिळत नाही.

तोंडाची तपासणीही याच केंद्रात झाली. आमच्याकडच्या जुन्या बायका मिश्री लावतात, आणि भाजून कुटलेली असली तरी ती तंबाखूच असते. दात घासायची म्हणून दिवसातून चार वेळा हिरड्यांवर चोळली जाते. बॅटरीच्या उजेडात गालाच्या आतला भाग, जीभ आणि हिरड्या पाहून मॅडमनी चट्टा नसल्याचे सांगितले आणि मिश्री सोडण्याबद्दल पाच मिनिटे समजावले. आईने मान डोलावली. डबी अजून देव्हाऱ्यामागे आहे.

गुडघ्यांच्या बाबतीत ही सेवा तोकडी पडते, आणि तिथेच खाजगी सुईचे फावते. बाजाराच्या दिवशी शेजारच्या गावात बसणाऱ्या एका खाजगी डॉक्टरकडे आई आणि तिच्या मैत्रिणी दर आठवड्याला जात असत; तिथे कमरेत एक सुई मिळते आणि चार दिवस गुडघा बोलत नाही. ती सुई बहुधा वेदनाशामकाची असते, आणि अशी औषधे वारंवार घेतल्याने रक्तदाब चढतो, मूत्रपिंडावर ताण येतो आणि पोटात जखमा होऊ शकतात. एका हाताने उपकेंद्राने रक्तदाब उतरवायचा आणि दुसऱ्या हाताने सुईने तो चढवायचा, असा खेळ दोन महिने चालू होता आणि माझ्याही ध्यानात आला नाही. मॅडमनी विचारले म्हणून उलगडा झाला. त्यांच्याकडे देण्याजोगे पर्याय होते ते पॅरासिटामॉल आणि व्यायाम: कट्ट्यावर बसून एक पाय सरळ करायचा, मांडीचा स्नायू ताठ धरून दहा आकडे मोजायचे, मग दुसरा पाय. आईने आकड्यांऐवजी ‘रामकृष्णहरी’ म्हणायला सुरुवात केली आणि महिन्याभराने पायरी चढताना हात धरणे सोडले. पण हा व्यायाम करून घेणारे फिजिओथेरपिस्ट गावाच्या जवळपास कोणी नाही. वृद्धांसाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे आणि त्याप्रमाणे प्राथमिक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस वृद्धांची ओपीडी असायला हवी. आमच्या केंद्रात तिचा फलक आहे; त्या दिवशी आम्ही गेलो तेव्हा सर्दी-तापाच्या रांगेतच आम्हाला उभे केले.

योगवर्गाबद्दल थोडक्यात. तो सकाळी सातला होतो. त्या वेळी गावातला प्रत्येक म्हातारा धारा काढत तरी असतो किंवा डेअरीच्या रांगेत तरी. फोटोत बहुतेक शाळेतली मुले दिसतात.

आता एसटीच्या पलीकडचे. मोतीबिंदूसाठी तालुक्याला जायचे होते. तालुका २६ किलोमीटर दूर आहे. प्रवासाचा खर्च हे कारण आता उरलेले नाही: ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे आणि मार्च २०२३ पासून सर्व महिलांना अर्धे तिकीट आहे. तिकीट फुकट झाले, गाडी मात्र सकाळी सव्वाआठला एक आणि परतीची दुपारी दीडला एक, एवढीच राहिली. पहिल्या फेरीत नेत्रतपासणीचे अधिकारी आले नव्हते, कारण त्यांचा वार बदलला होता आणि ते उपकेंद्राला कोणी कळवले नव्हते. दुसऱ्या फेरीत ते भेटले, त्यांनी फार नीट तपासले आणि शस्त्रक्रियेची चिठ्ठी दिली; पण त्या चिठ्ठीवर शिक्का मारणारी खिडकी एक वाजता बंद झाली, आणि तो मिळवायच्या खटपटीत आमची दीडची गाडी हुकली. आई रुग्णालयाच्या ओट्यावर साडेतीनपर्यंत बसली, मग वडापच्या जीपमध्ये मागच्या बाकावर बारा माणसांत कोंबून आम्ही घरी आलो. दोन दिवस तिचे गुडघे सुजले होते. मी सोबत नसतो तर ती दुसऱ्या फेरीला गेलीच नसती, आणि गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांच्या डोळ्यांचे हेच झालेले आहे.

शस्त्रक्रिया शेवटी एका धर्मादाय रुग्णालयाच्या शिबिरातून झाली, कारण त्यांची गाडी गावातून आठ जणांना घेऊन गेली आणि दुसऱ्या दिवशी दारात आणून सोडून गेली. उपकेंद्राची यादी तयार होती म्हणूनच आठ जण एका निरोपावर जमले, हे श्रेय मात्र मॅडमचे आहे. पट्टी काढल्यावर आई माझ्याकडे बघून म्हणाली, “तू लईच पिकलास की रं.”

कार्डे आणि योजना यांविषयी, कारण वाचक विचारतील. ७० वर्षांवरच्या सर्वांना उत्पन्नाची अट न ठेवता वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार देणारे आयुष्मान वय वंदना कार्ड ऑक्टोबर २०२४ मध्ये आले. आईचे कार्ड आशाताईंनी काढून दिले. मजुरीत झिजलेल्या बोटांचे ठसे यंत्राला लागेनात, तेव्हा आधारला जोडलेल्या मोबाइलवर आलेल्या ओटीपीने काम झाले; तो मोबाइल माझा होता आणि सुदैवाने मी गावात होतो. हे कार्ड रुग्णालयात दाखल झाल्यावरच्या खर्चासाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही, हे गावात अजून नीट कळलेले नाही. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरच्या आणि कुटुंबाचे उत्पन्न वर्षाला दोन लाखांच्या आत असलेल्यांना चष्मा, काठी, कमोड खुर्ची, गुडघ्याचा पट्टा यांसारख्या साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये बँकेत मिळतात. शेजारच्या काकांनी त्यातून तीन पायांची काठी आणि चष्मा घेतला आणि दोन्ही रोज वापरतात. चांगले श्रवणयंत्र मात्र या रकमेत येत नाही. उत्पन्नाच्या अटीमुळे आई त्यात बसली नाही. मी घेऊन दिलेले यंत्र ती फक्त माझा फोन आला की लावते, कारण बाकीच्या वेळी त्यात वाऱ्याचा आवाज फार येतो.

ज्यांचे आईवडील गावी एकटे आहेत आणि जे स्वतः मुंबई-पुण्यात आहेत, त्यांना माझा व्यवहारी सल्ला असा. गावाच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांना एकदा प्रत्यक्ष भेटा, आपला नंबर त्यांच्या वहीत लिहून या आणि घरातल्या सगळ्या गोळ्या, अगदी बाजारच्या डॉक्टरने कागदात बांधून दिलेल्यासुद्धा, पिशवीत घालून त्यांच्यापुढे रिकाम्या करा. बुधवार-शुक्रवार गर्दी कमी असते, निदान आमच्याकडे. रक्तदाब उभे करून मोजायला सांगा. तालुक्याला पाठवले तर कोणत्या वारी, कोणाला भेटायचे आणि परतीची गाडी किती वाजता आहे, हे तिन्ही विचारल्याशिवाय घरातून निघू नका. सोबत कोणीच जाणारे नसेल तर आशाताईंना विचारा. त्यांना ते बंधनकारक नाही, पण आमच्या आशाताई दोनदा गेल्या.

मी पुण्याला परतून तीन महिने झाले. आईचे कार्ड दर महिन्याला मॅडम फोनवर वाचून दाखवतात; गेल्या वेळी बसून १३८ आणि उभे राहून १३० होता. डाव्या डोळ्याची तारीख अजून मिळालेली नाही.